देशोदेशींच्या शाळा आणि आमच्या तुकड्या

गेल्या वर्षीच्या मे महिन्यांत एके रात्रीं आमच्या पुतण्याचा म्युनिकहून फोन आला. नोकरीनिमित्त तो तेथें बारा वर्षें राहात आहे व त्याची कन्या तेथील प्राथमिक शाळेच्या चौथ्या इयत्तेंत होती. शाळेनें तिच्या हातीं एक प्रमाणपत्र दिलें होतें व त्यावर २.६६ असा आंकडा होता. आम्हांस शेंकड्यांत गुण मोजण्याची संवय. त्यामुळें हा आंकडा चांगला कीं वाईट हेंच प्रथम कळेना. तेव्हां पुतण्या म्हणाला, “काका, हा आकडा २.३३ असता तर पोर गिम्नाझियमला गेली असती. आता तिला तीन दिवसांची चाचणी द्यायला लावायची की गप्प बसायचं, ते या आठवड्यात ठरवायचंय. तुम्ही चौतीस वर्षं मुलांना मार्क दिलेत. मला एवढंच सांगा, दहाव्या वर्षी मूल किती पाण्यात आहे ते कळतं का हो?”

“परवां सांगतों” असें म्हणून आम्हीं फोन ठेवला. प्रश्न साधा होता. परंतु त्याचें उत्तर देण्याचा अधिकार आम्हांस आहे किंवा नाहीं, याविषयींच आमच्या मनांत शंका होती. तिचें कारण पुढें येईल. मधल्या दोन दिवसांत निरनिराळ्या देशांनीं या प्रश्नाचें काय केलें, तें आम्हीं मिळेल तेथून वाचून काढलें.

परक्या देशांच्या शाळांकडे पाहाण्याची रीत आपल्याकडे नवी नाहीं. नामदार गोखल्यांनीं १९११ सालीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल कायदेकौन्सिलांत मांडलें, तेव्हां त्याचा सांचा इंग्लंड व आयर्लंड येथील कायद्यांवरून घेतलेला होता. अण्णासाहेब कर्व्यांच्या हातीं टोकियो येथील स्त्री-विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली नसती, तर १९१६ सालीं निघालेलें आपलें महिला विद्यापीठ कदाचित् निराळ्याच रूपानें जन्मास आलें असतें. हल्लीं मात्र परदेशच्या शाळांचा विषय निघाला कीं अमुक ठिकाणीं गृहपाठ नाहीं, तमुक ठिकाणीं परीक्षा नाहीं, असल्या चुटक्यांचीच देवघेव होते. चुटके मनोरंजक असतात खरे. पण कोणत्याहि देशाची शाळा ओळखावयाची असेल, तर तेथें मुलांची वांटणी कितव्या वर्षीं होते आणि ती चुकल्यास दुरुस्त कशी होते, हें आधीं विचारावें असें आमचें मत आहे.

म्युनिक हें बव्हेरिया प्रांताचें मुख्य शहर. तेथें सहाव्या वर्षीं मूल शाळेंत जातें. पहिल्या दिवशीं आईबाप त्याच्या हातीं खाऊनें व खेळण्यांनीं भरलेला एक भला मोठा कागदी शंकु देतात. आमच्या पाटीपूजनापेक्षां हा विधि मुलांस अधिक आवडत असला पाहिजे. पुढें चार वर्षें सर्व मुलें एकत्र शिकतात. गुण एकपासून सहापर्यंत. त्यांत एक सर्वोत्तम व सहा सर्वांत वाईट. चौथ्या इयत्तेंत मे महिन्याच्या आरंभीं जें प्रमाणपत्र मिळतें, त्यांत जर्मन भाषा, गणित व परिसराचा अभ्यास या तीन विषयांची सरासरी दिलेली असते. तिन्ही विषयांची बेरीज सात किंवा त्याहून कमी, म्हणजे सरासरी २.३३ पर्यंत, तर मूल गिम्नाझियमला योग्य. बेरीज आठ, म्हणजे २.६६, तर रेआलशूलेला. त्याहून अधिक तर मिट्टेलशूलेला. गिम्नाझियमच्या शेवटीं ‘अबिटूर’ नांवाची परीक्षा असते व ती विद्यापीठाचा दरवाजा उघडते. रेआलशूले दहाव्या इयत्तेंत संपते. मिट्टेलशूलेंतील पुष्कळ मुलें नववीनंतरच कामधंद्याकडे वळतात. शाळेचा कौल ज्यांस मान्य नसेल त्यांनीं आपल्या मुलास तीन दिवसांच्या चांचणी-वर्गास बसवावें, अशी सोय आहे.

आमच्या या नातीला गणितांत दोन, जर्मनमध्यें तीन व परिसरांत तीन होते. घरीं मराठी बोलणाऱ्या मुलीस जर्मन भाषेंत तीन मिळाले यांत नवल तें काय? आणि परिसराचीं उत्तरें तरी ती कोणत्या भाषेंत लिहिणार? एका गुणानें पोरीची वाट वळली.

येथें जर्मनांवर अन्याय होऊं नये म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे कीं, गिम्नाझियमला न जाणें म्हणजे त्या देशांत बुडणें नव्हे. शाळा संपतांच मुलगा किंवा मुलगी एखाद्या कारखान्यांत वा पेढींत उमेदवारीस लागते, आठवड्यांतून एक-दोन दिवस धंदेशिक्षणाच्या शाळेंत जाते, आणि उरलेले दिवस प्रत्यक्ष काम शिकत असतां वेतनहि मिळविते. १९६९ च्या कायद्यानें या पद्धतीस सबंध पश्चिम जर्मनींत एक घाट आला. उत्तम सुतारास किंवा यंत्रकारागिरास तेथें जो मान आहे, त्याचा अल्पांशहि आपल्याकडे नाहीं. आपल्या घरांतला मुलगा सुतारकाम शिकूं लागला, तर ती गोष्ट आपण पाहुण्यांस आपण होऊन सांगूं काय, याचा ज्यानें त्यानें मनाशीं विचार करावा. शिवाय रेआलशूलेंतून वरच्या धंदेशाळांच्या वाटेनें उच्च शिक्षणाकडे जातां येतें. दार बंद नसतें, पण वळसा मोठा पडतो.

पहिल्या महायुद्धापूर्वीं सधन जर्मन घराण्यांचीं मुलें गरिबांच्या मुलांशेजारीं बहुधा बसतच नसत. त्यांच्यासाठीं फी घेणाऱ्या निराळ्या पूर्वशाळा असत. १९२० च्या कायद्यानें पहिलीं चार वर्षें सर्वांसाठीं एक केलीं. त्यापुढें पाऊल पडणें मात्र फार कठीण गेलें. १९४५ नंतर अमेरिकन लष्करी अंमलानें ही लवकरची वांटणी मोडण्याचा आग्रह धरला, तो बव्हेरियानें जुमानला नाहीं. हॅम्बुर्ग येथील विधिमंडळांत सर्व पक्षांनीं मिळून चारांच्या जागीं सहा वर्षें एकत्र शाळा करण्याचें ठरविलें, तेव्हां १८ जुलै २०१० रोजीं लोकमत घेण्यांत आलें आणि नागरिकांनीं तो बेत हाणून पाडला. विरोधाची चळवळ चालविणारे पालक प्रायः सुशिक्षित व सुस्थितींतले होते. हुशार मुलांचें नुकसान होईल, असें त्यांचें म्हणणें होतें. जवळजवळ याच शब्दांतलें म्हणणें आम्हीं आमच्या शाळेच्या पालकसभेंत कितीदां तरी ऐकलें आहे, आणि मान डोलावली आहे.

वस्तुतः या लोकमताच्या आधीं नऊ वर्षें त्या देशास एक जबर धक्का बसला होता. पंधरा वर्षें वयाच्या मुलांची जी आंतरराष्ट्रीय पाहणी ‘पिसा’ या नांवानें प्रसिद्ध आहे, तिचा पहिला निकाल डिसेंबर २००१ मध्यें लागला, आणि काण्ट व गटे यांच्या देशाचा अंक सरासरीच्याहि खालीं निघाला. याहून अधिक झोंबणारी गोष्ट ही कीं, मुलाचे गुण आणि त्याच्या घरची स्थिति यांचें नातें जर्मनींत विलक्षण घट्ट असल्याचें दिसून आलें.

इंग्लंडनें हाच प्रयोग एका वर्षाच्या उशिरानें, म्हणजे अकराव्या वर्षीं, करून पाहिला. १९४४ च्या बटलरसाहेबांच्या कायद्यानें माध्यमिक शिक्षण सर्वांस मोफत झालें, ही मोठी गोष्ट. परंतु त्याच्या आदल्याच वर्षीं नॉरवुड समितीनें असें प्रतिपादन केलें होतें कीं, मुलांचीं मनें तीन प्रकारचीं असतात: एक विद्येसाठींच विद्या आवडणारें, दुसरें यंत्रांकडे व उपयुक्त कलांकडे ओढ घेणारें, आणि तिसरें कल्पनांपेक्षां प्रत्यक्ष वस्तूंतच रमणारें. गुणकर्मांची ही विभागणी आमच्या वाचकांस अगदींच अपरिचित वाटणार नाहीं. आपल्याकडील विभागणीचें कालांतरानें जें झालें तेंच तिचेंहि झालें. मन मोजावयाचें म्हणून लोक निघाले आणि घर मोजून परत आले.

तीन मनांसाठीं तीन शाळा ठरल्या: ग्रामर, टेक्निकल व मॉडर्न. त्यांपैकीं टेक्निकल शाळा फारशा निघाल्याच नाहींत. उरल्या दोहोंपैकीं मूल कोठें जाणार याचा निर्णय ‘इलेव्हन-प्लस’ परीक्षेनें होई. पास झाल्यास सायकल घेऊन देण्याचें वचन कित्येक घरांत मिळे, आणि एकाच घरांतला भाऊ ग्रामरमध्यें व बहीण मॉडर्नमध्यें, असे प्रसंग येत. ग्रामर शाळेंतील जागा प्रत्येक परगण्यांत कमीअधिक असल्यामुळें एका परगण्यांत उत्तीर्ण ठरणारा मुलगा शेजारच्या परगण्यांत अनुत्तीर्ण ठरला असता. मुलींच्या जागा पुष्कळ ठिकाणीं मुलांहून कमी. म्हणून अधिक गुण मिळवूनहि त्या मागें राहात. १९५७ सालीं एका शास्त्रीय पाहणींत असें आढळलें कीं, दर वर्षीं शेंकडा सुमारें दहा मुलें चुकीच्या शाळेंत पडतात. शेंकडा दहा हा आंकडा कागदावर लहान दिसतो. पन्नासांच्या वर्गांत तीं पांच मुलें होतात, आणि वर्गशिक्षकास त्या पांचांचीं नांवें ठाऊक असतात. निदान असावयास हवींत.

बुद्धि बहुतांशीं जन्मतःच ठरलेली असते, हा या परीक्षेमागचा विश्वास होता. त्याचे मोठे पुरस्कर्ते मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट १९७१ मध्यें वारले. त्यानंतर त्यांच्या जुळ्या भावंडांविषयींच्या आंकड्यांवरच गंभीर संशय घेण्यांत आला व तो वाद पुढें बरींच वर्षें गाजला. तत्पूर्वींच, १९६५ सालीं, सरकारनें परिपत्रक काढून स्थानिक अधिकाऱ्यांस सर्वांसाठीं एकच माध्यमिक शाळा करण्याचें आवाहन केलें होतें. आज इंग्लंडांत १६३ सरकारी ग्रामर शाळा उरल्या आहेत. केंट व बकिंगहॅमशायर यांसारख्या भागांत अकराव्या वर्षाची ती परीक्षा अजून होते, आणि तिच्यासाठीं खासगी शिकवण्याहि चालतात. पुण्याच्या वाचकांस याचें वर्णन करून सांगण्याची जरुरी नाहीं.

फिनलंडची कथा आम्हांस अधिक विचार करावयास लावणारी वाटली, कारण तेथील लोक आमच्याच चुकीवरून गेले आणि ती चूक त्यांनीं सोडून दिली. पूर्वीं त्या देशांतहि चौथीनंतर कांहीं मुलें परीक्षा देऊन व फी भरून वरच्या विद्यालयांत जात आणि बाकीचीं लोकशाळेंतच राहात. १९६८ सालीं कायदा झाला आणि १९७२ मध्यें उत्तरेकडील लॅपलंडपासून आरंभ करून १९७७ पर्यंत सबंध देशांत नऊ वर्षांची एकच शाळा सुरू झाली. पण एका छपराखालीं आणलें तरी मन एकदम बदलत नाहीं. त्या एकत्र शाळेच्या आंतच गणित व परकीय भाषा यांसाठीं वरची, मधली, खालची अशा पायऱ्या ठेवण्यांत आल्या. म्हणजे आमच्या तुकड्याच त्या! खालच्या पायरीवरून शिकलेल्या मुलास पुढच्या विद्यालयाची वाट बंद होई. १९८५ सालीं त्या पायऱ्याहि काढून टाकल्या. त्याआधींच, १९७९ पासून, शिक्षकास एम्. ए. च्या तोडीची पदवी आवश्यक केलेली होती, आणि मागें पडणाऱ्या मुलास निराळ्या वर्गांत न लोटतां त्याच शाळेंतील विशेष शिक्षकानें थोडा वेळ जवळ घेऊन शिकवावें, अशी व्यवस्था होती. मुलांची वांटणी होते ती सोळाव्या वर्षीं.

पहिल्या ‘पिसा’ पाहणींत वाचनांत फिनलंडचा क्रमांक पहिला आला, अंक ५४६. तेव्हांपासून जगांतील शिक्षणाधिकाऱ्यांच्या तेथें जणूं यात्राच सुरू झाल्या. परंतु स्तुति जपून करावी. २०२२ च्या पाहणींत हाच अंक ४९० वर उतरला. कोणी म्हणतें खर्च कमी केला म्हणून, कोणी म्हणतें मुलें पुस्तक सोडून हातांतल्या पडद्याकडे वळलीं म्हणून. कारण कांहीं असो. यात्रेकरू आतां कमी झाले असतील.

जपानविषयीं थोडेंच सांगतों. १९४७ च्या कायद्यानें तेथें सहा वर्षें प्राथमिक व तीन वर्षें दुय्यम शाळा सर्वांस एकसारखी झाली. या नऊ वर्षांत वर्गांत नापास होऊन मागें राहाणें जवळजवळ नाहींच. मुलें रोज शाळेची झाडलोट करतात व पांढरे डगले घालून एकमेकांस जेवण वाढतात, ही हकीकत सर्वांच्या वाचनांत आली असेल. आम्हांस विशेष वाटला तो तेथील लहान गटांचा प्रकार. पांच-सहा मुलांचा एक गट असतो. गणितांत पुढें असलेला आणि मागें असलेला त्यांत एकत्र बसतात, आणि केरसुणी दोघांच्याहि हातांत येते. पण या चित्राच्या पुढचें पान उलटलें कीं पंधराव्या वर्षाची वरिष्ठ शाळेची प्रवेशपरीक्षा येते, आणि तिच्यासाठीं रात्रींपर्यंत चालणाऱ्या शिकवण्या येतात. वांटणी तेथेंहि आहेच. ती पांच वर्षें पुढें ढकललेली आहे, एवढाच जर्मनींत व जपानांत फरक. परंतु दहा वर्षांच्या पोरास पांच वर्षें म्हणजे त्याच्या गेल्या आयुष्याचा अर्धा भाग होय.

आतां आमची गोष्ट. १९८६ सालीं आम्ही एका तालुक्याच्या गांवीं माध्यमिक शाळेंत होतों. शाळेचें नांव येथें देत नाहीं. आसपासच्या शाळांतून पांचवीसाठीं येणाऱ्या मुलांची एका सकाळीं मराठी व गणित यांची शंभर गुणांची परीक्षा घेऊन अ, ब, क व ड अशा तुकड्या पाडण्याची तेथें चाल होती. अ तुकडीस उत्तम शिक्षक. आठवीपासून संस्कृतहि अ व ब या तुकड्यांपुरतेंच. ड तुकडी पत्र्याच्या शेडमध्यें बसे, आणि कोणी शिक्षक रजेवर गेले कीं पहिला तास तिचाच बुडे. यांत कोणास कांहीं वावगें वाटत नसे. आमचें अक्षर चांगलें म्हणून याद्या करण्याचें काम आमच्याकडे होतें.

त्या वर्षीं एकाच नांवाचे व एकाच आडनांवाचे दोन मुलगे परीक्षेस बसले होते. एकास ८४ गुण होते. तो एका गवंड्याचा मुलगा. दुसऱ्यास ३७, त्याचे वडील कचेरींत अव्वल कारकून. यादींत बापाचें नांव लिहिण्याची पद्धत नव्हती. आम्हीं ८४ वाल्याच्या जागीं कारकुनांचा मुलगा अ मध्यें घातला व गवंड्याचा मुलगा ड मध्यें गेला. अव्वल कारकुनांस तक्रारीचें कारण नव्हतें. गवंडी शाळेंत कधीं आलाच नाहीं.

सातवीच्या शिष्यवृत्ती-परीक्षेच्या वेळीं एक जुना गठ्ठा शोधतांना त्या दोन उत्तरपत्रिका आमच्या हातीं लागल्या. त्यांवर पूर्ण नांवें होतीं. आम्ही बराच वेळ तेथेंच बसलों. अ तुकडीचे वर्गशिक्षक आम्हीच; ३७ गुणांचा तो मुलगा गेलीं दोन वर्षें आमच्यासमोर बसून पन्नासांत अकरावा-बारावा येत होता, आणि तो अ तुकडीला शोभत नाहीं असें आम्हांस एक दिवसहि वाटलें नव्हतें. ८४ गुणांचा मुलगा ड मध्यें कसाबसा पास होत होता. त्याच्या शिक्षकांस विचारलें, तर ते म्हणाले, “बरा आहे, पण ‘ड’चाच.”

मुख्याध्यापकांनीं गाजावाजा न करतां दुरुस्ती करावी असें सांगितलें. आठवीच्या आरंभीं तो मुलगा आमच्या अ तुकडींत आला व शेवटच्या बांकावर बसूं लागला. संस्कृतांत नामांचीं रूपें चाललीं होतीं. तीं सर्वांसच नवीं होतीं, त्यामुळें तेथें तरी तो बरोबरीनें चालेल अशी आम्हांस आशा होती. तीन आठवड्यांनीं तो शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभा राहिला. म्हणाला, “सर, मला माझ्या वर्गात जाऊ द्या. मला हे यायचं नाही.” ती उत्तरपत्रिका त्या वेळीं आमच्या कपाटांत होती. ती त्याला दाखवावयाची तर चूक आमच्या हातून झाली, हें सांगावें लागलें असतें. आम्हीं ती दाखविली नाहीं, आणि त्याला परत ड मध्यें जाऊं दिलें.

दहावीनंतर तो बापाच्या हाताखालीं कामास लागला. आज त्याचीं स्वतःचीं बांधकामें चालतात. २०१२ सालीं आमच्या घराची मागची भिंत त्यानेंच बांधली. किती ब्रास वाळू लागेल, विटा किती, सिमेंटच्या गोण्या किती, हा सारा हिशेब तो उभ्याउभ्या तोंडानें सांगे, आणि आम्ही कागदावर पडताळा पाहात असूं; एकदांहि फरक पडला नाहीं. चहा घेतांना तो सहज बोलून गेला कीं, “सर, आपलं डोकं काही शाळेचं नव्हतं.” तेव्हांहि आम्ही कांहीं बोललों नाहीं. एका उदाहरणावरून सिद्धांत काढूं नये, हें आम्ही तर्कशास्त्रांत शिकलों आहों. पण जर्मनीचीं व इंग्लंडचीं पुस्तकें वाचतांना तें एकच उदाहरण दोन दिवस आमच्या डोळ्यांपुढून हालेना.

तिसऱ्या दिवशीं पुतण्याला फोन करून हीच हकीकत जशीच्या तशी सांगितली. सल्ला असा दिला नाहीं. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानें पोरीलाच विचारलें, आणि ती आपण होऊन चांचणीस बसली. गणितांत तीन व जर्मनमध्यें चार पडले. तेथील नियमाप्रमाणें एवढ्यावर गिम्नाझियममध्यें प्रवेश मिळतो, तसा तिला मिळाला. पुतण्यानें निकालाच्या कागदाचें छायाचित्र पाठविलें, तेव्हां त्यावर नांव तिचेंच आहे ना, जन्मतारीखहि तिचीच आहे ना, एवढें आम्हीं त्याला पुन्हां एकदां नीट पाहावयास सांगितलें.